जठराचे नवे तोंड

(नभोवाणीवरील भाषण)

स्थूलपणासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेला मनुष्य आता आपल्याकडे नवलाचा विषय राहिलेला नाही. मुंबई-पुण्याची गोष्ट सोडाच, परंतु इंदूर, बडोदे, हैदराबाद ह्या शहरांतूनही अशा शस्त्रक्रिया होतात, आणि लहान गावांतील माणसे त्यांसाठी तेथे जाऊन येतात. घरी परतल्यावर वजन किती उतरले, मधुमेहाच्या गोळ्या किती सुटल्या, जुने कपडे कसे सैल झाले ह्यांची चर्चा होते. आणि ती व्हावी हे योग्यच आहे. परंतु ज्या एका चिमुकल्या छिद्रावर ह्या माणसाचे पुढील सारे खाणेपिणे अवलंबून असते, त्याची विचारपूस फारशी कोणी करीत नाही. जठराच्या उरलेल्या लहानशा पिशवीला शस्त्रवैद्याने दिलेले ते नवे तोंड होय. ते आवळले, चिघळले किंवा सैलावले तर काय होते, आणि त्यांपैकी कोणत्या गोष्टीसाठी एक दिवसही थांबू नये, हे आज आपणांस सांगावयाचे योजिले आहे.

प्रथम निसर्गाने दिलेले तोंड पाहू. आपले जठर ही नुसती पिशवी नव्हे. जेवणाच्या वेळी ते सैल होऊन एक ते दीड लिटरपर्यंत अन्न सामावून घेते, आणि मग त्याच्या खालच्या भागात अन्नाचे दळण सुरू होते. जठर जेथे संपते व लहान आतडे जेथे सुरू होते तेथे स्नायूंचे एक जाड वलय असते. त्यास जठरनिर्गम म्हणतात. हे वलय म्हणजे मोठा करडा पहारेकरी आहे. घन अन्नाचे कण एक-दोन मिलिमीटर इतके बारीक झाल्यावाचून तो त्यांना सहसा पुढे जाऊ देत नाही. मोठा कण दाराशी आला की त्याला पुन्हा आत लोटतो. गाडी चुकेल म्हणून उभ्याउभ्या, न चावता गिळलेली भाकरीही आपणांस पचते, ती ह्या पहारेकऱ्याच्या कृपेने.

बायपास ह्या नावाने जी शस्त्रक्रिया ओळखली जाते, तीत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे तीस मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी मावेल एवढी, पिशवी धातूच्या बारीक टाचण्या मारून वेगळी केली जाते. बाकीचे जठर पोटातच राहते. मात्र अन्नाची वाट आता त्यातून जात नाही. लहान आतडे कापून त्याचे एक टोक वर आणतात व ह्या पिशवीला जोडतात. जोडाचे छिद्र एक ते दीड सेंटिमीटर रुंद, करंगळी जेमतेम जाईल एवढे, ठेवलेले असते. त्याला स्नायूंचे वलय नाही. ते आपणहून उघडत नाही की मिटत नाही. कवाड काढून नेलेल्या चौकटीसारखे ते आहे. जे दळण पूर्वी जठरात होत असे ते आता तोंडात, दातांनीच, करावे लागते. अशा माणसाला घास वीस-पंचवीस वेळा चावण्यास सांगतात ते ह्यामुळे. त्यात पथ्याचा बडेजाव काही नाही. चौकट लहान आहे, एवढाच त्याचा अर्थ.

असे कृत्रिम तोंड करण्याची विद्या मुळात स्थूलपणासाठी जन्मास आलेली नाही. १८८१ च्या जानेवारीत व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ ह्या शस्त्रवैद्याने कर्करोगाने ग्रासलेला जठराचा निर्गमभाग कापून काढला व उरलेले जठर आतड्याला जोडले. त्यातून रुग्ण वाचण्याचा तो पहिला प्रसंग. त्याच वर्षी त्याचा सहायक व्होल्फ्लर ह्याने, जठर न कापता, त्याला आतड्याचा वळसा जोडून अन्नाला दुसरी वाट करून दिली. पुढे अनेक दशके जठराच्या व आद्यांत्राच्या व्रणांवर हाच उपाय चाले. आपल्या आजोबांच्या पिढीत ‘अल्सरचे ऑपरेशन’ झालेली जी माणसे असत, त्यांतील पुष्कळांच्या पोटात असेच एक तोंड होते. १९८२ साली ऑस्ट्रेलियात वॉरन व मार्शल ह्यांनी व्रणाला कारण होणारा जंतू हाती आणला, आम्ल रोखणारी प्रभावी औषधेही निघाली, आणि ती शस्त्रक्रिया जवळजवळ मागे पडली. परंतु ती विद्या वाया गेली नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन ह्यांच्या लक्षात एक गोष्ट आली होती. व्रणासाठी ज्या स्त्रियांचे अर्धेअधिक जठर काढावे लागे, त्यांचे वजन नंतर वाढता वाढत नसे. जी गोष्ट व्रणाच्या रुग्णाला उपद्रव वाटे, तीच अतिस्थूल माणसाला उपकारक का होऊ नये, असा विचार करून १९६६ साली त्यांनी चिकाशी इतो ह्या सहकाऱ्यासह जठराचा पहिला बायपास केला.

ह्या मेसनसाहेबांचे उर्वरित आयुष्य, थोडे अतिशयोक्तीने बोलावयाचे तर, त्या तोंडाचे माप शोधण्यात गेले. १९७१ च्या सुमारास त्यांनी आतड्याला हात न लावता जठरातच एक आडवा पडदा घालून लहान वाट ठेवण्याचा प्रयोग केला. पण जठराची भिंत ही ताणली जाणारी वस्तू, काही महिन्यांत वाट रुंदावली आणि वजन परत आले. तेव्हा १९८० साली त्यांनी पिशवी उभी केली आणि तिच्या तोंडाभोवती, ते ताणू नये म्हणून, पाच सेंटिमीटर घेराची कृत्रिम जाळीची पट्टी आवळून बसविली. ही शस्त्रक्रिया पुढली पंधरा-वीस वर्षे जगभर झाली. तोंड रुंदावण्याचे थांबले खरे, परंतु निराळेच घडू लागले. भोवतीच्या ऊतींत व्रणासारखे कठीण वण येऊन कित्येकांचे तोंड आवळत चालले. काहींच्या बाबतीत पट्टी भिंत कुरतडून आत शिरली. आणि मौजेची, खरे म्हणजे खेदाची, गोष्ट अशी की, तोंड अरुंद असूनही अनेकांचे वजन उतरेना. कारण पाव अडकतो, मांस अडकते, कोशिंबीर अडकते. परंतु आइस्क्रीम अडकत नाही. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, ज्वारीची भाकरी उलटून पडते आणि बासुंदी सुखरूप खाली उतरते. माणूस मग नकळत बासुंदीकडे वळतो. ‘तोंड जितके बारीक तितके वजन कमी’ हा हिशेब चुकीचा आहे, हे वैद्यकाने ह्या अनुभवाच्या मोलाने शिकून घेतले. आज आपण जाणतो की बायपासने वजन उतरते ते केवळ अडथळ्यामुळे नव्हे; अन्न लवकर आतड्यात पोहोचल्यामुळे तेथील अंतःस्रावांत जे फेरफार होतात, भूक मंदावते, तृप्ती लवकर येते, त्यांचा वाटा फार मोठा आहे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. नवे तोंड आवळण्याची आपत्ती बहुधा शस्त्रक्रियेनंतर पहिल्या तीन महिन्यांत, त्यातही चौथ्या ते दहाव्या आठवड्यात, उद्भवते. जखम भरताना वण आकसतो हा शरीराचा धर्मच आहे. कातडीवरचा वण आकसला तर नुसते दिसण्यात अंतर पडते, येथे वाटच बंद होते. जोडाला रक्तपुरवठा कमी पडला, जोडावर ताण आला, तेथे व्रण झाला किंवा थोडी गळती होऊन गेली, तर आकसणे अधिक. गोल टाचणीयंत्राने जोड केला असल्यास २५ मिलिमीटरच्या यंत्रापेक्षा २१ मिलिमीटरच्या यंत्राने केलेला जोड अधिक आवळतो, हेही दिसून आलेले आहे. निरनिराळ्या रुग्णालयांचे आकडे निरनिराळे असले, तरी शंभरांत तीनपासून दहा-बारांपर्यंत रुग्णांना हा त्रास होतो असे मानावयास हरकत नाही. म्हणजे ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हे.

तिची चाल ओळखण्याजोगी असते. रुग्ण घरी येतो, पातळ पदार्थांवरून मऊ पदार्थांवर येतो, सर्व काही ठीक चाललेले असते. मग एके दिवशी मऊ भात छातीशी अडकल्यासारखा वाटतो. चार दिवसांनी खिमटही राहत नाही; मग पेज, मग ताक, आणि शेवटी साधे पाणी. खाणे पुढे सरकावयाचे ते पायरीपायरीने मागे सरकते. ओकारीत पडते ते नुकतेच खाल्लेले, न पचलेले अन्न व फेस. येथे एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वर वर्णन केलेल्या बायपासमध्ये पित्त फार खाली आतड्यात येऊन मिळते. म्हणून तोंड आवळल्याने होणाऱ्या ओकारीत हिरवे कडू पित्त सहसा नसते. अशा रुग्णाला जर पित्ताची ओकारी होऊ लागली व पोटात कळा येऊ लागल्या, तर अडथळा तोंडाशी नसून खाली आतड्यात आहे असा संशय घ्यावा, आणि मग सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे.

घाईघाईने खाल्ले, मोठा घास गिळला, संत्र्याच्या फोडी पापुद्र्यासकट खाल्ल्या, शेवग्याच्या शेंगेचा चोथा पोटात गेला, म्हणजे एखादे वेळी ओकारी होतेच. तिचा बाऊ करण्याचे कारण नाही. परंतु ‘ह्या ऑपरेशननंतर ओकाऱ्या व्हायच्याच’ हे जे वाक्य घराघरांत, आणि कधी कधी दुर्दैवाने दवाखान्यांतही, ऐकू येते, ते मला अत्यंत घातक वाटते. दोन-तीन दिवस रोज ओकारी होत असेल तर ती शस्त्रक्रियेचा स्वाभाविक भाग नव्हे. ती तक्रार आहे. चोवीस तास पाणीसुद्धा टिकत नसेल तर ती त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याची वेळ आहे. वजन भराभर उतरते आहे म्हणून घरचे लोक अशा वेळी मनातून खूषही असतात. पण ह्या उतरणाऱ्या वजनात मेद किती आणि स्नायू व पाणी किती, हे तराजू सांगत नाही.

ओकारीचे भय एवढे का, हे सांगण्यासाठी पुन्हा १८८१ सालाकडे जावे लागते. बिलरोथची ती शस्त्रक्रिया झाली त्याच वर्षी कार्ल व्हेर्निके ह्या जर्मन मेंदुतज्ज्ञाने तीन रुग्णांच्या एका चमत्कारिक व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले. डोळ्यांच्या हालचाली बिघडणे, चालताना झोके जाणे, आणि बुद्धीला भ्रम पडून गुंगी येणे, ही तिची लक्षणे. तिघेही दगावले. त्यांपैकी दोघे पुरुष मद्यासक्त होते. तिसरी शिवणकाम करणारी एक वीस वर्षांची तरुणी होती. तिचा मद्याशी संबंध नव्हता. तिने गंधकाम्ल प्राशन केले होते. त्यातून ती वाचली. परंतु आम्लाने भाजलेला तिचा जठरनिर्गम आकसला आणि ओकाऱ्या थांबेनात. काही आठवड्यांनी डोळे व तोल गेले. ह्या व्याधीचे कारण त्या काळी व्हेर्निकेलाही कळणे शक्य नव्हते. जठराचे आवळलेले तोंड, सततची ओकारी आणि मेंदूचा तो विकार ही साखळी मात्र पहिल्याच वर्णनात जशीच्या तशी हजर होती.

ते कारण म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा, थायामिनचा, अभाव. शरीर साखरेपासून शक्ती मिळविते त्या क्रियेत ह्या द्रव्यावाचून चालत नाही, आणि मेंदू तर मुख्यतः साखरेवरच जगतो. शरीरात त्याचा साठा फार थोडा, पंचवीस-तीस मिलिग्रॅमचा. खाणे बंद झाले की दोन-तीन आठवड्यांत तो संपतो. मेद कितीही साठविलेला असो, ब-१ साठविता येत नाही. म्हणून अंगाने अजूनही स्थूल दिसणारा माणूस आतून उपाशी असू शकतो, हे पाहणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. आपल्या पूर्वजांना हाच अभाव बेरीबेरीच्या रूपाने ठाऊक होता. जावा बेटात आइकमन ह्यांनी सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात हे दाखविले, आणि १९२९ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कोंड्याबरोबर जे निघून जाते ते हेच द्रव्य. गोव्याच्या व कोकणच्या घरांतून जे उकडे तांदूळ खाल्ले जातात, त्यांत भात सालीसकट उकडल्यामुळे हे द्रव्य दाण्याच्या आत मुरते व सडताना पुष्कळसे टिकून राहते. शास्त्राचे नाव न घेता आजीबाईंनी चालविलेली ही एक शहाणपणाची रीत होय. परंतु ज्याच्या पोटात पेजच टिकत नाही, त्याला उकड्या तांदळाचा तरी काय उपयोग?

म्हणून ओकाऱ्या होत असलेल्या रुग्णाला दृष्टी दुहेरी वाटू लागली, चालताना पाय लटपटू लागले, पायांना मुंग्या येऊन जडत्व आले, किंवा तो विसराळू व असंबद्ध बोलू लागला, तर ‘अशक्तपणामुळे होत असेल’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. वेळेवर ब-१ शिरेतून दिले तर डोळ्यांची लक्षणे काही तासांत, दिवसांत सुधारू लागतात. उशीर झाला तर स्मृतीचा कायमचा नाश होतो. पंचविशी-तिशीतील माणूस काल काय झाले ते आज सांगू शकत नाही. आणखी एक गोष्ट अशी की, थकलेल्या रुग्णाला गावातील दवाखान्यात नेले की प्रथम ग्लुकोजची बाटली लावली जाते. ती लावणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ब-१ चा साठा संपलेल्या शरीरात नुसते ग्लुकोज ओतले की उरलेसुरले ब-१ त्यात खर्ची पडते आणि मेंदूवर संकट कोसळू शकते. ब-१ चे इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान त्याच्या बरोबर गेले पाहिजे. ते स्वस्त आहे. रक्ततपासणीचा अहवाल येईपर्यंत त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. नातेवाइकांनी हे डॉक्टरांना आदराने, पण स्पष्ट शब्दांत, सुचवावे. त्यात त्यांचा अपमान काही होत नाही.

आवळलेल्या तोंडावरील उपचार मात्र, ही भीती ऐकून वाटेल त्यापेक्षा, बराच सुलभ आहे. रुग्णाला गुंगीचे औषध देऊन तोंडातून दुर्बीण आत सोडतात. नेहमीच्या दुर्बिणीची नळी सुमारे नऊ-दहा मिलिमीटर जाडीची असते. ती जर नव्या तोंडातून पार होत नसेल, तर निदान तेथेच झाले. मग दुर्बिणीतूनच एक मिटलेला फुगा त्या छिद्रात सरकवितात व पाण्याच्या दाबाने तो फुगवून छिद्र रुंद करितात. हे काम थोडेथोडे करावयाचे असते. एकाच वेळी फार ताणले तर भिंत फाटण्याचा धोका असतो, आणि फार रुंद करून ठेवले तर मूळ शस्त्रक्रियेचा हेतू ढळतो. म्हणून बारा ते पंधरा मिलिमीटरवर थांबतात. बहुतेकांना अशा एक ते तीन बैठकी पुरतात व पुन्हा पोट उघडावे लागत नाही. फुग्याला दाद न देणारे तोंड थोडे असते, आणि त्याच्या मुळाशी पुष्कळदा जुनाट व्रण असतो.

हा व्रण म्हणजे नव्या तोंडाची दुसरी आपत्ती. तो जोडाच्या कडेला, बहुधा आतड्याच्या बाजूस, होतो. जठराची त्वचा आम्ल सोसण्यासाठी घडलेली आहे, आतड्याची नाही. नव्या जोडाने त्या दोघांना शेजारी आणून बसविले आहे. बहुतेकांत पिशवी लहान असल्याने आम्लही थोडे असते व शेजार निभतो. पण दोन गोष्टी तो बिघडवितात, आणि दोन्ही आपल्या हातातल्या आहेत. एक तंबाखू. धूम्रपान करणाऱ्यांत हा व्रण अधिक होतो व बरा होण्यास फार चिवटपणा करतो, हे निःसंशय आहे. मिश्री आणि चघळण्याच्या तंबाखूवर तितके संशोधन झालेले नसले, तरी निकोटिन त्यांतही आहेच. दुसरी गोष्ट वेदनाशामक गोळ्यांची. ज्या माणसाने गुडघे दुखतात म्हणूनच वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तोच गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन आपल्या नव्या तोंडाला भोक पाडून घेतो, ही विटंबना विरळा नाही. औषधांच्या दुकानांतील कित्येक संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर डायक्लोफेनॅकही असते; पाकिटावरील बारीक अक्षरे वाचल्याशिवाय ते समजत नाही. बायपास झालेल्या माणसाने पॅरासिटामॉलखेरीज दुसरी दुखण्यावरची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. हृदयविकारासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर ती मात्र आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांस विचारावे.

छातीच्या खाली, खाल्ल्यावर वाढणारी जळजळती वेदना ही ह्या व्रणाची नेहमीची तक्रार. शौचाला डांबरासारखे काळे होणे म्हणजे रक्तस्राव. आणि अकस्मात उठलेली, पोट लाकडासारखे कडक करणारी वेदना म्हणजे व्रण फुटला असे समजून तातडीने शस्त्रक्रियेची तयारी ठेवावी लागते. न फुटलेला व्रण आम्लरोधक औषधांनी तीन-सहा महिन्यांत बहुधा भरून येतो. ही औषधे कॅप्सूलच्या रूपात असतात, आणि लहान पिशवीत कॅप्सूल विरघळण्यास पुरता अवधी मिळत नाही; म्हणून ती उघडून आतील कण घेतल्यास व्रण लवकर भरतो, असे अलीकडे आढळले आहे. कोणती कॅप्सूल उघडावी हे अर्थात डॉक्टरांनी सांगावयाचे.

तिसरी आपत्ती तोंड सैलावण्याची. हिची घाई नसते. ती वर्षांच्या हिशेबाने येते. पोट भरल्याची जाणीव उशिरा होऊ लागते, दोन जेवणांमध्ये भूक लागते, आणि उतरलेले वजन हळूहळू परत चढते. दुर्बिणीतून पाहिले तर छिद्र दोन सेंटिमीटरहून रुंद झालेले दिसते. रुंद तोंड आणि वाढते वजन ह्यांचा संबंध आहे. परंतु सारा दोष तोंडावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. भूक, झोप, मद्य, गोड पेये, मनाचा खचलेपणा, सुटलेले चालणे ह्यांचाही त्यात भाग असतो. दुर्बिणीतूनच टाके घालून, किंवा आर्गन वायूच्या साह्याने कडा भाजून, हे तोंड पुन्हा लहान करिता येते. त्याने काही किलो वजन उतरते. पण पहिल्या शस्त्रक्रियेसारखा चमत्कार घडेल अशी आशा कोणी लावून दिली तर सावध राहावे. सेमाग्लुटाइडसारखी भूक मंदावणारी इंजेक्शनेही आता अशा रुग्णांना देतात. त्यांनीही मळमळ व ओकारी होऊ शकते, म्हणजे ब-१ विषयी वर सांगितलेली दक्षता येथेही लागू पडते.

ज्यांच्या जठराभोवती फुगविता येणारा सिलिकोनचा पट्टा बसविलेला आहे, त्यांच्याविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. १९९० नंतर ही पद्धत फार लोकप्रिय होती. आता ती क्वचितच वापरतात, परंतु जुने पट्टे अनेकांच्या पोटात आहेत. पट्टा सरकला की वरची पिशवी लोंबते, तोंड मुडपते आणि ओकारी सुरू होते. कातडीखाली बसविलेल्या लहान डबीत सुई घालून पट्ट्यातील पाणी काढून घेतले की पुष्कळदा क्षणात आराम पडतो. न पडल्यास पट्टा काढावा लागतो. आजकाल सर्वाधिक होणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराची उभी नळी करितात व निसर्गाचा पहारेकरी जागेवरच ठेवितात. तेथे नवे तोंड नाही. तरी ती नळी मध्यावर मुडपून अडथळा होऊ शकतो, आणि ओकारीचे व ब-१ चे सारे सूत्र तेथेही तसेच लागू आहे.

शस्त्रक्रिया एका शहरात आणि संसार दुसऱ्या गावात, ही आपल्याकडील नेहमीची स्थिती. मध्यरात्री ओकारी सुरू झाली तर रुग्ण जाणार तो जवळच्या दवाखान्यात, आणि तेथील डॉक्टरांना पोटातील नवी रचना ठाऊक नसणार. ‘पोटाचे ऑपरेशन झाले आहे’ एवढ्याने त्यांना काही बोध होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेचे नेमके नाव, तारीख, शस्त्रवैद्याचा दूरध्वनी क्रमांक, आणि ‘नाकातून जठरात नळी अंदाजाने घालू नये’ ही सूचना, असा एक कागद पाकिटात कायम ठेवावा. शेवटची सूचना महत्त्वाची आहे; ताज्या जोडावर आंधळेपणाने घातलेली नळी तो जोड फाडू शकते.

हा कागद सर्वांत अधिक उपयोगी पडतो तो तरुण स्त्रियांना. शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी असे सांगतात. परंतु वजन उतरू लागल्यावर पाळी नियमित होते व गर्भ अनपेक्षितपणे राहतो, असेही घडते. मग ओकारी सुरू झाली की घरातील सासूबाई, आई, शेजारीण सगळ्या म्हणतात, ‘दिवस गेलेत, ओकाऱ्या व्हायच्याच.’ तसे असेलही. पण ज्या सुनेच्या किंवा लेकीच्या पोटात बायपास किंवा पट्टा आहे, तिच्या ओकारीचे कारण डोहाळ्यांत शोधण्यापूर्वी जठराच्या नव्या तोंडात शोधले पाहिजे. प्रसूतितज्ज्ञांना आणि शस्त्रवैद्यांना एकमेकांशी बोलावयास लावावे. गरोदरपणी आवश्यक असल्यास दुर्बिणीतून तपासणी करिता येते, पट्ट्यातील पाणी काढता येते, आणि ब-१ तर त्याच दिवशी सुरू करिता येते.